बिंबाभ्रिकांच्या केंद्रातील निकटचे जोडतारे : पाचांत एकच सापडतो, मग बाकीच्यांच्या आकाराचे काय?

सांजतारा

नमस्कार. बिंबाभ्रिका, म्हणजे ज्यांना बहुतेक जण प्लॅनेटरी नेब्युला या नावाने ओळखतात, त्यांच्या आकाराविषयी एक शंका बरेच दिवस मनात घर करून आहे. मराठी नाव मला मूळ नावापेक्षा अधिक नेमके वाटते, कारण विल्यम हर्शेल यांना दुर्बिणीतून ग्रहासारखे बिंब दिसले एवढाच या अभ्रिकांचा ग्रहांशी संबंध आहे.

गेली काही वर्षे मी आठ इंची दुर्बिणीतून एम ५७ आणि एम २७ या दोन बिंबाभ्रिका नियमितपणे पाहते. एम ५७ मधली धुरकट अंगठी लहान भिंगातूनही लगेच लक्षात येते, पण तिच्या मधोमध असलेला तारा मला आजवर एकदाही दिसलेला नाही. एम २७ चा केंद्रतारा मात्र अतिशय स्थिर हवेच्या दोन रात्री, नजर किंचित बाजूला ठेवून पाहिल्यावर, टाचणीच्या टोकाएवढा दिसला होता. त्या तारकेभोवतीचा वायू दोन बाजूंना फुगलेला आणि कमरेत आवळलेला दिसतो, आणि माझी शंका तिथूनच सुरू होते.

सूर्यासारखा तारा आयुष्याच्या शेवटी फुगून राक्षसी अवस्थेत जातो, बाहेरचे थर गमावतो आणि उघडा पडलेला तप्त गाभा आपल्या अतिनील प्रकाशाने त्या वायूला उजळवतो, इथपर्यंत सर्व समजते. परंतु तारा जर गोल असेल, तर त्याने सोडलेला वायूही सर्व दिशांना सारखाच जायला हवा. प्रत्यक्षात सुमारे ८० टक्के बिंबाभ्रिका गोल नसतात. कोणी अंडाकृती, कोणी फुलपाखरासारख्या, तर कोणी दोन्ही टोकांना फवारे असलेल्या असतात. याचे कारण म्हणून केंद्राशी एक नव्हे तर दोन तारे असतात, आणि ते एकमेकांना अगदी चिकटून फिरत असतात, असे वाचायला मिळते. मात्र त्याच लेखांत असेही लिहिलेले असते की प्रत्यक्ष शोध घेतल्यावर निकटचे जोडतारे फार तर पाचांपैकी एका बिंबाभ्रिकेत सापडतात. मग ८० टक्क्यांचे कारण २० टक्क्यांवरून कसे सांगता येईल? शिवाय जे दोन तारे कोणत्याही दुर्बिणीतून वेगळे दिसत नाहीत, ते दोन आहेत हे तरी कशावरून ठरवले जाते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रकाशवक्र

सांजतारा, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पाचांपैकी एक हा आकडा कसा मिळाला हे समजल्याशिवाय त्याचा अर्थ लावता येत नाही.

केंद्रातील जोडी ओळखण्याचा सर्वांत फलदायी मार्ग म्हणजे तिच्या एकत्रित प्रकाशातील नियमित चढउतार मोजणे. समजा एक तारा सत्तर-ऐंशी हजार केल्विन तापमानाचा उघडा गाभा आहे आणि त्याला अगदी लगटून सूर्यापेक्षा लहान व थंड असा एक साधा तारा फिरतो आहे. इतक्या जवळून पडणाऱ्या अतिनील प्रकाशामुळे त्या थंड ताऱ्याची गाभ्याकडे तोंड असलेली बाजू भाजून निघते आणि तिचे तापमान पाठीमागच्या बाजूपेक्षा कितीतरी वाढते. भरतीच्या बलाने तो तारा जखडलेला असल्यामुळे चंद्राप्रमाणे तो नेहमी एकच बाजू जोडीदाराकडे ठेवतो. परिणामी कक्षेत फिरताना कधी त्याची तापलेली बाजू आपल्यासमोर येते, कधी थंड पाठ. आणि एकूण प्रकाश दर फेरीत एकदा वाढतो, एकदा कमी होतो. केव्ही वेलोरम या अशाच जोडताऱ्याचे उदाहरण घ्या. त्याचा आवर्तकाल सुमारे साडेआठ तासांचा आहे आणि एवढ्या वेळात त्याची तेजस्विता जवळजवळ अर्ध्या प्रतीने (प्रत म्हणजे ताऱ्यांची तेजस्विता मोजण्याचे माप) वरखाली होते. त्या आलेखाला कुठेही टोक किंवा खाच नाही. रात्रभर घेतलेली मोजमापे कागदावर मांडली की संथ लाट उमटते.

या लाटेबरोबर वर्णपटातही बदल होतात. तापलेल्या बाजूच्या वातावरणातून कार्बन आणि नायट्रोजन यांच्या अरुंद तेजस्वी रेषा निघतात. ती बाजू आपल्याकडे वळली की रेषा ठळक होतात आणि पाठ वळली की विरून जातात. त्यांचे स्थान तांबड्या व निळ्या टोकाकडे आलटून पालटून सरकते, आणि गाभ्याच्या स्वतःच्या रेषा नेमक्या उलट दिशेने सरकतात. दोन वस्तू एका समाईक केंद्राभोवती फिरत आहेत याचा याहून थेट पुरावा क्वचितच मिळतो.

काही जोड्यांमध्ये एक तारा दुसऱ्याच्या ओढीने लांबट झालेला असतो, आणि त्यामुळे प्रकाश दर फेरीत दोनदा वाढतो. आणि कक्षा आपल्याला बरोबर कडेने दिसत असेल, तर ग्रहणे होतात.

आता या पद्धतीची मर्यादा पाहावी. दोन ताऱ्यांतील अंतर वाढले की तापण्याचा परिणाम झपाट्याने क्षीण होतो, त्यामुळे तीन-चार दिवसांपेक्षा मोठ्या आवर्तकालाची जोडी या मार्गाने बहुधा सापडत नाही. जोडीदार जर स्वतःच श्वेत बटू, म्हणजे मृत ताऱ्याचा आकसलेला लहानसा गाभा, असेल, तर तापायला मोठा पृष्ठभागच नसतो. कक्षा आपल्याला समोरून, थाळीसारखी दिसत असेल, तर फेरीभर आपल्याला तापलेल्या बाजूचा तेवढाच भाग दिसत राहतो आणि चढउतार नाहीसा होतो. वेग मोजण्याचाही उपयोग होत नाही, कारण गती आपल्या दृष्टिरेषेला आडवी असते. भरीला, आजूबाजूचा तेजस्वी वायू केंद्रताऱ्याच्या मोजमापात मिसळतो आणि लहान चढउतार बुजवून टाकतो.

म्हणून पाचांपैकी एक हा आकडा म्हणजे या चाळणीत अडकलेल्या जोड्यांचे प्रमाण आहे. ओगल हा प्रकल्प गुरुत्वीय भिंगांच्या शोधासाठी आकाशगंगेच्या मध्यभागाकडील कोट्यवधी ताऱ्यांची तेजस्विता वर्षानुवर्षे नोंदवत आला. त्याच नोंदी २००९ मध्ये बिंबाभ्रिकांच्या केंद्रताऱ्यांसाठी चाळल्या, तेव्हा निकटच्या जोड्यांचे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास निघाले. पुढे केपलर अवकाश दुर्बिणीच्या अधिक सूक्ष्म मोजमापांतून ते पाचांत एक किंवा त्याहून थोडे अधिक असल्याचे दिसले. हे किमान प्रमाण आहे आणि कमाल किती हे या पद्धतीतून कळत नाही, एवढे लक्षात ठेवले तर आपल्या गणितातला अर्धा पेच सुटतो.

शरसंधान

प्रकाशवक्र यांनी शोधाची बाजू उत्तम मांडली आहे. वायूला आकार कसा मिळतो याविषयी मी लिहितो, आणि त्यासाठी एकाच बिंबाभ्रिकेत शिरतो, कारण सर्वसाधारण विधानांपेक्षा एका ठिकाणचे आकडे अधिक सांगून जातात.

शर तारकासमूहात एबेल ६३ नावाची एक मंद बिंबाभ्रिका आहे. जॉर्ज एबेल यांनी पालोमार आकाश सर्वेक्षणाच्या काचांवर ज्या अंधुक बिंबाभ्रिका शोधल्या, त्यांपैकी ती एक. तिच्या केंद्रातील यूयू सॅजिटी हा तारा ग्रहणे होणारा जोडतारा आहे, हे हॉवर्ड बाँड यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले. बिंबाभ्रिकेच्या केंद्रात सापडलेली ही पहिली निकटची जोडी. योगायोग असा, की त्याच वर्षी बोहदान पाचिन्स्की यांनी अशा जोड्या कशा तयार होतात याची समाईक आवरणाची कल्पना मांडली होती, आणि तिला आधार देणारे हे उदाहरण लगोलग हाती आले.

यूयू सॅजिटीचा आवर्तकाल ११ तास १० मिनिटे आहे. गाभ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ०.६३ पट आणि जोडीदाराचे ०.२९ पट आहे. केप्लरच्या तिसऱ्या नियमात हे आकडे घातले की दोघांतील अंतर सुमारे १७ लाख किमी येते, म्हणजे पृथ्वी आणि चंद्र यांच्यातील अंतराच्या जेमतेम साडेचार पट. एवढ्या जागेत दोन तारे एकमेकांभोवती सेकंदाला सुमारे २७० किमी वेगाने फिरत आहेत. आता या गाभ्याचा भूतकाळ आठवा. बिंबाभ्रिका सोडण्यापूर्वी तो राक्षसी तारा होता आणि त्याची त्रिज्या सूर्याच्या त्रिज्येच्या शंभर पटींहूनही कितीतरी अधिक होती. आज दोन ताऱ्यांतील अंतर सूर्याच्या त्रिज्येच्या अडीच पटसुद्धा नाही. म्हणजे आजचा जोडीदार ज्या कक्षेत आहे, ती कक्षा त्या काळी राक्षसी ताऱ्याच्या पोटात खोलवर होती. तो तिथे जन्मलेला असणे शक्य नाही; तो बाहेरून आत आला आहे.

हे आत येणे असे घडते. राक्षसी तारा फुगता फुगता अशा मर्यादेपर्यंत पोचतो, की त्याचा बाहेरचा वायू जोडीदाराच्या गुरुत्वाच्या कह्यात जाऊन तिकडे ओघळू लागतो. अशा ताऱ्याचा बाहेरचा थर अभिसरणाने ढवळलेला असतो, आणि वस्तुमान गमावल्यावर तो आकसण्याऐवजी आणखी पसरतो, त्यामुळे ओघळ थांबत नाही, वाढतच जातो. छोटा जोडीदार एवढा वायू सामावून घेऊ शकत नाही आणि अखेरीस गाभा व जोडीदार असे दोघेही एकाच प्रचंड आवरणात बुडतात. आवरणाच्या घर्षणाने जोडीदाराची कक्षा लहान होत जाते, तो नागमोडी नव्हे तर चक्राकार वाटेने आत घसरतो, आणि कक्षेतून सुटलेली ऊर्जा आवरणाला मिळून ते उधळले जाते. ताऱ्याच्या आयुष्याच्या मानाने हा सगळा प्रकार निमिषार्धात उरकतो.

ऊर्जेचा अंदाज कागदावर सहज करता येतो. वर दिलेली वस्तुमाने आणि आजचे अंतर यांवरून, दूरच्या कक्षेतून इथवर येताना सुटलेली ऊर्जा सुमारे १.४ गुणिले १० चा ४० वा घात ज्यूल निघते. सूर्य आज ज्या दराने प्रकाशतो, त्या दराने एवढी ऊर्जा बाहेर टाकायला त्याला अकरा-बारा लाख वर्षे लागतील. फुगलेल्या राक्षसी ताऱ्याचे आवरण गाभ्याला सैलपणे बांधलेले असते, आणि ते सोडवायला लागणारी ऊर्जा याच मापाची असते. त्यामुळे एक छोटासा तांबडा तारा, स्वतःच्या कितीतरी पट मोठ्या ताऱ्याचे आवरण भिरकावून देऊ शकतो, यात अतिशयोक्ती नाही.

आकाराचे मूळ इथेच आहे. जोडीदार कक्षेच्या प्रतलात फिरत असल्याने बहुतेक वायू त्याच प्रतलात बाहेर फेकला जातो आणि गाभ्याभोवती वायूचा दाट पट्टा तयार होतो. नंतर उघड्या गाभ्याकडून निघणारा वेगवान वारा या पट्ट्यावर आदळतो, तिथे अडतो, आणि वर-खाली जिथे वायू विरळ आहे तिथून वाट काढतो. कमरेत आवळलेले, दोन्ही बाजूंना फुगलेले रूप त्यातून येते.

एबेल ६३ मध्ये याची आणखी एक खूण आहे. तिचा मुख्य भाग नळीसारखा असून नळीच्या अक्षावर, बराच दूर, दोन्ही बाजूंना वायूच्या दोन टोप्या आहेत. त्यांचा वेग सेकंदाला १२० किमीहून अधिक आहे, आणि वेग व अंतर यांवरून वय काढले तर त्या मुख्य नळीच्या आधी सुटलेल्या आहेत असे दिसते. याचा सरळ अर्थ असा, की आवरण उधळण्यापूर्वीच, वायू जोडीदाराकडे ओघळत असताना, त्याच्याभोवती चकती तयार झाली होती आणि तिच्यातून दोन फवारे सुटले होते. जोडीदाराची त्रिज्याही हेच सांगते. ०.२९ सौर वस्तुमानाच्या ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे ०.३ पट असायला हवी, पण ती ०.५ पटीहून अधिक भरते. थोड्या काळात पुष्कळ वायू अंगावर घेतल्याने तो फुगला आहे आणि अजून पूर्ववत झालेला नाही. बिंबाभ्रिका दहा-वीस हजार वर्षांत विरून जाते. त्यामुळे आपण या जोडीकडे पाहतो ते घटनेनंतर लगेचच, जखम ओली असताना, असे म्हणता येईल. या विषयात माझा जीव अडकला आहे तो याच कारणाने.

सांजतारा

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. एबेल ६३ चे आकडे मी स्वतः मांडून पाहिले आणि अंतर बरोबर १७ लाख किमी आले.

तरीही एक आक्षेप राहतोच. जोडतारा आहे आणि अभ्रिका लांबट आहे, या दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असे होत नाही. ८० टक्के अभ्रिका मुळातच गोल नसतील, तर कोणत्याही वीस टक्क्यांत लांबट अभ्रिकाच जास्त निघणार. आणि दुसरे असे, की निकटचा जोडतारा असूनही जिचे रूप गोल अंगठीसारखे आहे अशी अभ्रिका सापडली, तर हा सिद्धान्त अडचणीत येणार नाही का?

अक्षवृत्त

आपला आक्षेप योग्य आहे, आणि या क्षेत्रातल्या लोकांनाही तो बराच काळ सतावत होता. त्याचे उत्तर अभ्रिकांची संख्या मोजून मिळत नाही, ते कोन मोजून मिळते. माझ्या मते संपूर्ण विषयातला सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे आणि लोकप्रिय लेखांत तो बहुधा सुटून जातो, म्हणून जरा थांबून लिहितो.

जोडताऱ्याच्या प्रकाशाच्या आलेखावरून आणि वेगांवरून त्याची कक्षा आपल्या दृष्टिरेषेशी किती कललेली आहे हे काढता येते. या मोजमापात अभ्रिकेचा काहीही संबंध येत नाही. दुसरीकडे, अभ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतील वायू आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे हे वर्णपटातून मोजून तिची त्रिमितीय रचना उभी करता येते, आणि तिचा अक्ष आपल्याकडे किती झुकला आहे हे ठरवता येते. या मोजमापात केंद्रताऱ्याचा संबंध येत नाही. आता जोडताऱ्यानेच अभ्रिका घडवली असेल, तर अभ्रिकेचा अक्ष कक्षेच्या प्रतलाला लंब असायला हवा, म्हणजेच स्वतंत्रपणे काढलेले हे दोन कोन जुळायला हवेत. आणि संबंध नसेल, तर ते कसेही असू शकतात.

हे दोन्ही कोन ज्यांच्या बाबतीत माहीत होते अशा आठ बिंबाभ्रिका २०१६ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या. आठही ठिकाणी कोन मोजमापाच्या मर्यादेत जुळले. हे निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी आहे. उदाहरणे फक्त आठ आहेत हे खरे, पण एकही अपवाद नाही. संख्याशास्त्रात एकत्र आढळणे आणि कारण असणे यांतला जो फरक आपण दाखवला, तो इथे भरून निघतो, कारण अभ्रिकेचा अक्ष कोणीकडे वळावा हे ताऱ्यांच्या कक्षेने ठरवले आहे असे मानल्याशिवाय या जुळणीचा उलगडा होत नाही.

अंगठीविषयी आपण विचारले, तर तशा अभ्रिका खरोखरच आहेत, आणि त्या सिद्धान्ताला बळच देतात. शेप्ली १ ही छायाचित्रात जवळजवळ परिपूर्ण वर्तुळ दिसते. तिच्या केंद्रात २.९ दिवसांत फेरी पूर्ण करणारी जोडी आहे, आणि तिची कक्षा आपल्याला जवळजवळ समोरून दिसते. वृश्चिकेतील एनजीसी ६३३७ हीदेखील गाठीगाठींची अंगठी आहे. तिच्यातील जोडी अवघ्या चार तास दहा मिनिटांत फेरी मारते, आणि तीही समोरूनच दिसते. या दोन्ही ठिकाणी आपण कंबरेचा दाट पट्टा वरून पाहत आहोत. फुगलेले दोन भाग एक आपल्या दिशेने आणि दुसरा विरुद्ध दिशेने पसरलेला आहे. पेल्याकडे वरून पाहिले तर वर्तुळच दिसते, तसा हा प्रकार आहे. आणि प्रकाशवक्र यांनी सांगितल्याप्रमाणे, समोरून दिसणाऱ्या कक्षेत प्रकाशाचा चढउतार सर्वांत कमी असतो. म्हणून ज्या अभ्रिका अंगठीसारख्या दिसतात, नेमक्या त्यांच्यातच जोडी सापडणे सर्वांत कठीण आहे.

मंदतारा

चर्चा अतिशय चांगली चालली आहे. दोन बाबतींत मात्र सावधगिरीचा सूर लावावासा वाटतो.

पहिली बाब अशी, की निकटच्या जोड्यांवरून काढलेले काही निष्कर्ष फार घाईने पसरतात. हेनिझ २-४२८ या अभ्रिकेच्या केंद्रात ४.२ तासांची एक जोडी आहे. २०१५ मध्ये तिचे एकूण वस्तुमान सूर्याच्या १.७६ पट असल्याचे आणि सुमारे ७० कोटी वर्षांनी दोन्ही तारे एकत्र येऊन त्यांचा स्फोट होईल असे प्रसिद्ध झाले. श्वेत बटूची कमाल मर्यादा १.४ सौर वस्तुमानाच्या आसपास असल्यामुळे या बातमीला मोठे महत्त्व आले. परंतु २०२० मध्ये अधिक चांगल्या वर्णपटांवरून आणि रेषांचे अधिक काटेकोर विश्लेषण करून मोजमाप केले, तेव्हा वस्तुमाने ०.६६ आणि ०.४२ निघाली, म्हणजे बेरीज १.१ च्याही आत. जोडी खरी, आवर्तकाल खरा, पण स्फोटाचे भाकीत टिकले नाही. मराठीतून या विषयावर लिहिताना आजही २०१५ चाच आकडा दिला जातो, तो थांबायला हवा असे मला तळमळीने वाटते.

दुसरी बाब अशी, की ८० टक्के अभ्रिका निकटच्या जोड्यांनीच घडवल्या असे कोणी म्हणू नये. एकट्या ताऱ्याचे परिवलन आणि चुंबकीय क्षेत्र पुरेसे आहे का, याचा पुष्कळ विचार झाला आहे. अडचण अशी, की तारा फुगला की त्याचे परिवलन मंदावते आणि बाहेरून कोनीय संवेगाची भर पडल्याशिवाय आकार बदलण्याइतके बळ त्यात उरत नाही. ही भर घालायला मात्र जोडीदार निकटचाच असावा लागतो असे नाही. एनजीसी १५१४ मधील जोडीला एक फेरी पूर्ण करायला नऊ वर्षे लागतात. ती आवरणात कधीही बुडालेली नाही, आणि तरी अभ्रिका गोल नाही.

सांजतारा यांच्या आवडत्या एम ५७ चे उदाहरण याहून बोलके आहे. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने घेतलेल्या तिच्या छायाचित्रांत मुख्य अंगठीच्या बाहेर सुमारे दहा समकेंद्री कमानी दिसल्या. त्यांच्यातील अंतरावरून अशी एक कमान सुमारे २८० वर्षांनी तयार होत असावी असा अंदाज निघाला. एकट्या ताऱ्यात अशा कालावधीची कोणतीही प्रक्रिया माहीत नाही. सूर्यापासून प्लूटो जितका दूर, साधारण तितक्या अंतरावरच्या जोडीदाराच्या फेरीशी मात्र हा कालावधी जुळतो. असा जोडीदार प्रकाशाच्या चढउतारात कधीच सापडणार नाही. त्यामुळे माझे मत असे आहे की पाचांपैकी एक हा आकडा सर्वांत जवळच्या, सर्वांत हिंसक जोड्यांचा आहे, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळांमागे दूरचे जोडीदार आहेत. काही ठिकाणी राक्षसी ताऱ्याने गिळलेला गुरूसारखा ग्रहही पुरेसा ठरू शकतो, असे मानणारे लोक आहेत. ते मला अशक्य वाटत नाही, पण पुराव्याच्या पातळीवर ते अजून कोनांच्या जुळणीइतके भक्कम नाही.

प्रकाशवक्र

मंदतारा यांच्या दोन्ही मुद्द्यांशी सहमत आहे. शरसंधान यांनी सांगितलेल्या फवाऱ्यांबाबत एक भर घालतो. नरतुरंग तारकासमूहातील फ्लेमिंग १ या अभ्रिकेत गाठींच्या दोन वक्र माळा आहेत, आणि त्या केंद्राभोवती इंग्रजी एस अक्षराच्या आकारात वळलेल्या आहेत. फवारे सोडणारा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत असेल तरच असे वळण येते, आणि डुलण्यासाठी जोडीदार हवा, असा तर्क फार पूर्वीपासून होता. २०१२ मध्ये चिलीतील व्हीएलटी दुर्बिणीने केंद्रताऱ्याचे वेग मोजले, तेव्हा तिथे १.२ दिवसाची जोडी निघाली. आकारावरून आधी भाकीत आणि नंतर मोजमापाने पडताळा, असा क्रम या विषयात फार कमी वेळा पाहायला मिळाला आहे.

आणखी एक कोडे इथे नमूद करण्याजोगे आहे. अभ्रिकेतील ऑक्सिजनचे प्रमाण दोन प्रकारच्या रेषांवरून काढता येते : इलेक्ट्रॉनच्या धडकेने चेतवलेल्या ठळक रेषांवरून, आणि आयन व इलेक्ट्रॉन पुन्हा एकत्र येताना निघणाऱ्या अतिमंद रेषांवरून. दोन्ही उत्तरे सारखी यायला हवीत. सर्वसाधारण अभ्रिकेत ती दोन-तीन पटींनी वेगळी येतात, आणि एबेल ४६ मध्ये हा फरक शंभर पटींच्याही वर जातो. एबेल ४६ च्या केंद्रात सव्वाअकरा तासांच्या आसपासची जोडी आहे. असा टोकाचा फरक जिथे जिथे आढळला, तिथे बहुतेक ठिकाणी आवर्तकाल साधारण एका दिवसाच्या आतबाहेर असलेली जोडी सापडली आहे. त्या अभ्रिकांत नेहमीच्या दहा हजार केल्विनच्या वायूबरोबर, फार थंड आणि जड मूलद्रव्यांनी समृद्ध असा दुसरा वायूही मिसळलेला असावा असे दिसते. तो तिथे नेमका कोणत्या टप्प्यावर आला, हे समाईक आवरणाच्या साध्या चित्रातून निघत नाही. म्हणजे जोडीदाराने अभ्रिकेचा फक्त आकार बदलला असे नाही, तिच्या घटकांचा हिशेबही बदलला आहे.

सांजतारा

माझी शंका आता पुरती फिटली. अंगठीसारखी दिसणारी अभ्रिका हा सिद्धान्ताविरुद्धचा पुरावा आहे असे मी समजत होते आणि तो नेमका उलट निघाला, याचा मला फार आनंद झाला. शेवटचे एकच विचारते. माझ्या आठ इंची दुर्बिणीला आता कॅमेरा जोडलेला आहे. यूयू सॅजिटीचे ग्रहण मला स्वतः टिपता येईल का?

शरसंधान

नक्की येईल. ग्रहणाबाहेर हा तारा १५ व्या प्रतीच्या आगेमागे असतो आणि दोन-तीन मिनिटांच्या प्रकाशनात आपल्या कॅमेऱ्याला तो व्यवस्थित मिळेल. शक्य असल्यास जवळच्या अवरक्त पट्ट्यातील गाळणी लावावी, कारण अभ्रिकेच्या सर्वांत तेजस्वी रेषा, ऑक्सिजनची हिरवी आणि हायड्रोजनची तांबडी, तिच्यातून आत येत नाहीत आणि ताऱ्याचा प्रकाश स्वच्छ मोजता येतो. त्याच चित्रातील दोन-तीन स्थिर तारे तुलनेसाठी निवडून ठेवावेत.

ग्रहण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सव्वा तासाच्या आसपास चालते, आणि त्यात गाभा पूर्णपणे झाकलेला असण्याचा काळ जेमतेम पाव तास असतो. तेवढ्यात तेजस्विता सुमारे चार प्रतींनी, म्हणजे चाळीसएक पटींनी, घसरते. तळाशी असताना वेगळी चित्रे न जोडता प्रत्येक चित्र स्वतंत्र ठेवावे, नाहीतर उताराची नेमकी वेळ हातून जाते. दोन फेऱ्या मिळून २२ तास २० मिनिटे होतात, त्यामुळे एका रात्री ग्रहण सापडले की दुसऱ्या रात्री ते १ तास ४० मिनिटे आधी सुरू होईल. पहिल्या रात्री आकाश झाकोळले, तरी पुढच्या चार-पाच रात्रींचे वेळापत्रक आपल्याला त्यावरून आधीच मांडून ठेवता येईल. मोजमापे इथे जरूर टाकावीत. आलेख मांडायला मी मदत करीन.